मेळावा भरवा, पण यादी पहिल्या दिवसाची काढा

दिवाळी तोंडावर आली की तालुक्याच्या गावांना एक ताप चढतो. माजी विद्यार्थी स्नेहमेळावा. कुणी गेट-टुगेदर म्हणतं, कुणी 'पुन्हा भरला वर्ग' म्हणतं. मोबाईलवर ग्रुप निघतो. लॉन्स बुक होतं. वर्गणी ठरते, टी-शर्टाचा रंग ठरतो, आचारी ठरतो. त्या दिवशी जुनी घंटा वाजवायची, प्रार्थना म्हणायची, केस पिकलेल्या सरांनी हजेरी घ्यायची, टक्कल पडलेल्यांनी 'यस सर' म्हणायचं. मग शाल-श्रीफळ. मग पंगत. मग नाच. मधे कुणीतरी माईकवर 'ते सोनेरी दिवस' म्हणतं आणि हुंदका काढतं. वरून ड्रोन फोटो घेतो.

सध्या येवल्यात आमच्या बॅचचं हेच चाललंय. म्हणून हा कागद काळा करतोय.

आधीच सांगून ठेवतो, मेळाव्याला आपला विरोध नाही. माणसानं माणसाला भेटावं. ज्या गावात आपण पहिल्यांदा पुस्तकाला कव्हर घातलं, ज्या आगारात एसटीची वाट बघत उभं राहिलो, त्या गावाची ओढ आम्हालाही आहे. आम्ही काय दगडाचे नाही. पण सवाल एकच आहे आणि तो फार साधा आहे. यादी कुठून काढता?

यादी निकालपत्रकातून निघते. शेवटच्या वर्षाचा निकाल घ्यायचा, पास झालेले उतरवायचे, त्यांचे नंबर मिळवायचे, झाली बॅच. पण बॅच काय निकालाच्या दिवशी जन्माला येत नाही. ती पावसाळ्याच्या तोंडाला प्रवेशाच्या रांगेत जन्मते. रांगेत किती होते आणि निकालात किती उरले, ही वजाबाकी कुणी करत नाही. करा एकदा. त्या वजाबाकीत आपली माणसं बसलेली दिसतील.

कोण आहेत ती? राजापूर, ममदापूरच्या अंगानं पहाटेची एसटी धरून येणारा पोरगा आहे. उन्हाळा लागला, गावात टँकर यायला लागला, की तो वर्गातून गायब. हंडे भरायला घरात माणूस पाहिजे. कांद्याच्या लागवडीत आईबरोबर वाफ्यात बसलेली पोरगी आहे. तिच्यापुढे रोज एकच हिशेब. कॉलेजात बसलं तर रोज बुडतो, रोजावर गेलं तर कॉलेज बुडतं. दिवाळी झाली की आईबापाच्या मागं उसाच्या फडावर जाणारा आहे. तो परत येईपर्यंत हजेरीपटावर त्याच्या नावावरून लाल रेघ गेलेली. बारावीच्या आधीच हळद लागलेल्या तर किती! त्यांची लग्नं लागली तेव्हा वर्गातल्या कुणाला पत्रिकासुद्धा गेली नसेल. ह्यातली सगळीच दलित नाहीत. भिल्ल आहेत, वंजारी आहेत, मुसलमान आहेत, कोरडवाहू मराठ्याची पोरंही आहेत. पण लाल रेघ कुणाच्या नावावरून सगळ्यात आधी जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मी गोदीत काम करतो. ठेकेदाराच्या टोळीत. आमच्याकडे मस्टरवर सही नाही तर त्या दिवसाचा पगार नाही. हिशेब तिथं मिटतो. सही नाही म्हणून 'तू ह्या गोदीत कधी नव्हतासच' असं आमचा मुकादमसुद्धा म्हणत नाही. ते फक्त शिकलेल्यांना सुचतं.

यादीचं हे राजकारण मला गोदीनंच शिकवलं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज फुटलं. पोटात दारूगोळाही होता आणि कापसाच्या गाठीही. अर्धी मुंबई हादरली. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांची नोंद आहे, १४ एप्रिलला त्यांना मानवंदना होते, ती झालीच पाहिजे. पण त्या दिवशी गोदीत पाठीवर ओझं घेऊन असलेले रोजंदारीचे गडी किती मेले? एक आकडा आठशेच्या आसपासचा, दुसरा तेराशेपर्यंत जाणारा. मधल्या शेकडो माणसांचं काय झालं? त्यांचं नाव कुठल्या मस्टरवर पक्कं नव्हतं, म्हणून त्यांचं मरणही कच्चं राहिलं. आपण १४ एप्रिलला निळा झेंडा घेऊन निघतो तेव्हा गोदीतला माणूस ह्या दुसऱ्या १४ एप्रिलचीही आठवण काढतो.

आता माझं. मी मॅट्रिक. दहावी पास झालो आणि येवल्यात अकरावीला नाव घातलं. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. शिष्यवृत्ती यायची तेव्हा येते. एसटीचा पास, पुस्तकं, वही, पोट, हे मात्र त्याच दिवशी लागतं. घरी बाप अंथरुणाला. संक्रांतीला येवल्याच्या आभाळात पतंग मावत नव्हते, गच्च्यांवर आसाऱ्या फिरत होत्या, हलगी कडकडत होती, आणि मी मनमाडला मुंबईची गाडी धरली. मामा गोदीत होता. असा सात महिने मी त्या कॉलेजचा विद्यार्थी. परवा एका दोस्तानं मला ग्रुपवर घेतलं. दुसऱ्या दिवशी वरून विचारणा आली, हा कोणत्या साली पास झाला? दोस्तानं खरं ते सांगितलं. उत्तर आलं, 'फक्त पासआऊट घ्यायचं ठरलंय, गैरसमज नसावा.' पुढं जोडलेले हात.

मी रडगाणं गायला बसलेलो नाही. गोदीत ह्याहून जड ओझं रोज पाठीवरून जातं. मला हे विचारायचंय की सात महिन्यांचा विद्यार्थी हा विद्यार्थी नसतो, हे कुणी ठरवलं?

साताऱ्याला जाऊन बघा. तिथल्या त्या वेळच्या सरकारी हायस्कुलाच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ह्या तारखेला, १९१४ क्रमांकावर, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल आहे. ते हायस्कूल आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखलं जातं. ७ नोव्हेंबरला महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस पाळतात. दिवस कुठला पाळतात ते ध्यानात घ्या. निकालाचा नाही, पदवीचा नाही. नाव दाखल झालं त्या दिवसाचा. भिवा साताऱ्यात शेवटपर्यंत शिकला नाही, घर मुंबईला आलं, मॅट्रिक मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली झाला. आता कल्पना करा, साताऱ्याच्या त्या बॅचनं पंचवीस वर्षांनी मेळावा भरवला असता आणि 'फक्त पासआऊट' म्हटलं असतं, तर? आणि समजा बोलावलंच असतं, तर बसवलं कुठं असतं? वर्गात तो घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसायचा. 'ते सोनेरी दिवस' म्हणून माईकवर हुंदका आला असता, तेव्हा ह्या पोराला गोणपाट आठवलं असतं आणि कोरडा घसा आठवला असता. कारण नळाला हात लावायची त्याला बंदी होती.

म्हणून 'सोनेरी दिवस' हा शब्द जपून वापरा. एकाच वर्गात, एकाच बाकावर, एकाचे दिवस सोन्याचे असतात आणि दुसऱ्याचे पत्र्याचे. उन्हात तापणारे, पावसात गळणारे.

त्या मॅट्रिकच्या पोराचाही एक मेळावा झाला होता. अस्पृश्याचं पोरगं मॅट्रिक झालं म्हणून मुंबईत वस्तीतल्या लोकांनी सभा भरवली. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. पुढं केळुसकरांनीच सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्याची गाठ घालून दिली आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. ह्याला म्हणतात मेळावा. त्यात जुन्या आठवणींचे कढ नव्हते. एका पोराचं पुढचं पाऊल कुठं पडणार, ह्याची सोय होती. सत्कार झाला तो शिकणाऱ्याचा, आणि सत्कारात शाल नव्हती, पुस्तक होतं.

आणि आपण हे सगळं कुठं करतोय, तर येवल्यात! तात्या टोपेंचं जन्मगाव म्हणून, पैठणीचं गाव म्हणून येवला जगाला माहीत आहे. आपल्याला ते १३ ऑक्टोबर १९३५ साठी माहीत आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला नाशकात सुरू झाला. साडेपाच वर्षं आपले आजे-पणजे त्या दारावर उभे राहिले, काठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. दार उघडलं नाही. मग येवल्याच्या परिषदेत दहा हजारांच्या आसपास माणसांपुढं बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हातात नव्हतं, हिंदू म्हणून मरणार नाही हे माझ्या हातात आहे. परिषदेनं मंदिराचा सत्याग्रह थांबवला. एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात तो शब्द पुरा झाला. जिथं तो शब्द दिला, त्या जागेला आपण मुक्तिभूमी म्हणतो. दर १३ ऑक्टोबरला तिथं माणसं जमतात. भाकरी बांधून, पोरं कडेवर घेऊन. आपला खरा मेळावा तो. त्याला ना वर्गणी, ना टी-शर्ट, ना पासआऊटची अट.

इथं आपल्यातलेच काही पोरं म्हणतात, मग झालं ना! येवल्याचा धडाच हा आहे. जे दार उघडत नाही ते ठोकायचं नाही. त्यांचा ग्रुप त्यांना लखलाभ, आपण आपला वेगळा मेळावा भरवू.

दोस्तांनो, इथं मी थांबतो. कारण इथं गफलत आहे. येवल्याच्या आधी महाड झालंय. चवदार तळं कुणाच्या बापाचं नव्हतं, नगरपालिकेचं होतं. सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ ला पास झाला. सरकारी पैशातून चाललेले पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलं केल्याचं कागदावर लिहिलंही. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढं कोर्टात खटला चालला, १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात आपण जिंकलो. बघा तारखा. १९३५ ला येवल्यात मंदिर सोडलं, पण तळ्याचा खटला सोडला नाही. मंदिर त्यांचं होतं, त्याच्याकडं पाठ फिरवली. तळं सगळ्यांचं होतं, ते शेवटपर्यंत लढवलं.

आता सांगा, कॉलेज हे मंदिर आहे की तळं?

मास्तरांचा पगार सरकारी तिजोरीतून. अनुदान तिजोरीतून. तिजोरीत आमच्या आईनं विकत घेतलेल्या काडेपेटीचा कर आहे. त्या कॉलेजच्या रजिस्टरवर आमचं नाव आमच्या अक्षरात आहे. तेव्हा कॉलेज तळं आहे. माजी विद्यार्थी संघही तळंच आहे. त्यावरचा हक्क सोडून वेगळी चूल मांडायची म्हणजे जिंकलेला खटला आपणहून हरायचा.

शिवाय हे मेळावे आता नुसते हौसेचे राहिलेले नाहीत. कॉलेजचं मोजमाप करायला 'नॅक' येते, तिच्या तपासणीत माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा एक कलम आहे. संघ नोंदलेला आहे का, मेळावा झाला का, देणगी किती आली, फोटो कुठंयत. म्हणजे आपल्या हुंदक्यालाही गुण आहेत! असू देत. पण गुण हवे असतील तर हिशेबही द्यावा लागेल. किती विद्यार्थी आले, किती टिकले, गळालेल्यांना कॉलेजनं पुन्हा हाक मारली का, हे विचारायचा हक्क माजी विद्यार्थ्यांना आहे. आणि गळालेला विद्यार्थी हा सगळ्यात पहिला माजी विद्यार्थी.

'आनंदाच्या दिवशी जात कशाला काढता' असं म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपवर असतो. त्याला सांगा, जात आम्ही काढत नाही, तुमच्या ठरावातच ती बसलीय. वर्गणी दीड हजार. म्हणजे वाफ्यात कांदा लावणाऱ्या बाईचे कितीतरी रोज. बायकांना पैठणी सक्तीची. आहा! पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं. हातमागावर एक पैठणी उतरायला कारागिराचे दिवसच्या दिवस जातात, पदर भरीव असला तर महिने. तिची किंमत हजारांनी. ज्या वर्गमैत्रिणीच्या कपाटात ती नाही, किंबहुना जिला कपाटच नाही, तिनं काय शेजारणीची मागून आणायची? ह्यात कुणी जातीचं नाव घेतलं नाही हे खरं. घ्यायची गरज पडली नाही.

आणि आता जरा आपल्याच लोकांकडं वळतो. कारण नुसतं त्यांना झोडून टाळ्या मिळतात, काम होत नाही. ग्रुपवर आपले चार-पाच साहेब आहेत. एक बँकेत, एक पंचायत समितीत, एक इंजिनीअर. पाच-पाच हजार दिलेत, पुढच्या रांगेत खुर्ची पक्की. 'पासआऊट'चा ठराव आला तेव्हा त्यांनी अंगठा वर केला. साहेब, तुम्ही ज्या शिष्यवृत्तीवर शिकलात ती १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे मंत्री होते तेव्हा, त्यांच्या पाठपुराव्यानं. आणि १८ मार्च १९५६ ला आग्र्याला त्यांनीच भर सभेत सांगितलं की शिकलेल्यांनी मला दगा दिला. ते वाक्य भिंतीवर लावून त्याखाली सेल्फी काढू नका. त्याचं उत्तर द्या.

यादीतून नाव जाण्याचे प्रकार तरी किती आहेत. हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुलाची शिष्यवृत्ती अडकली होती, १७ जानेवारी २०१६ ला त्यानं आयुष्य संपवलं. जळगावकडची पायल तडवी मुंबईत डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होती, २२ मे २०१९ ला तिनं आयुष्य संपवलं. ह्यांच्या बॅचचे मेळावे होतील तेव्हा हजेरी कोण घेणार? ती दोन नावं पुकारली जातील का? पुकारल्यावर जी शांतता पडेल ती कुणाला सोसेल? ती नाव पुकारण्याची ताकद नसेल तर घंटा वाजवू नका.

आता कामाचं बोलू. आमच्या बॅचपुढं मी हे ठेवणार आहे, तुम्ही आपापल्या गावी ठेवा.

एक. यादी प्रवेशाच्या रजिस्टरवरून काढा. कॉलेजला रीतसर अर्ज द्या. ज्यांचे नंबर नाहीत त्यांच्या गावी दोघा-तिघांनी एसटीनं जायचं. मोबाईलवर बोट फिरवून माणसं सापडत नाहीत. सासरी गेलेल्या पोरीच्या माहेरी जाऊन विचारायचं, आणि तिच्या सासरी आमंत्रण तिच्या नावानं द्यायचं.

दोन. वर्गणी ठरवायची तर प्रत्येकानं आपला एक दिवसाचा रोज द्यावा. साहेबाचा दिवस मोठा, त्याचा जास्त जाईल. माझा दिवस लहान, माझा कमी जाईल. बरोबरी ह्याला म्हणतात. कपड्याची सक्ती नाही. पैठणी असेल तिनं पैठणी नेसावी, नसेल तिनं धुतलेलं लुगडं.

तीन. तारीख १३ ऑक्टोबर. आपली माणसं त्या दिवशी तसंही येवल्यात येतात, दुसरं एसटीभाडं पडणार नाही. सवर्ण वर्गमित्रांनीही यावं. ज्या गावात शिकलो त्या गावात देशाच्या इतिहासाचं एवढं मोठं पान उलटलं, आणि कितीकांनी मुक्तिभूमी आतून पाहिलेली नाही. हा अभ्यासक्रम राहून गेलाय, तो पुरा करू.

चार. लॉन्स नको. कॉलेजच्या पटांगणात बसू. साठ जणांचे दीड हजारांनी नव्वद हजार होतात, ते एका रात्रीत मांडवाला आणि डीजेला जातात. त्यातले तीस हजार जेवणाला ठेवा. उरलेल्या साठ हजारांत आज अकरावीला असलेल्या बारा पोरापोरींना प्रत्येकी पाच हजार हातउसने देता येतात. शिष्यवृत्ती खात्यावर पडली की परत करायचे, पुढच्या बारांना द्यायचे. भीक नाही, फिरता पैसा. एखाद्याची शिष्यवृत्ती आलीच नाही, तर त्याच्याकडं तगादा लावायचा नाही. साठ माजी विद्यार्थ्यांनी मिळून समाजकल्याणच्या कचेरीत तगादा लावायचा.

पाच. हजेरी घ्यायची तर पूर्ण घ्यायची. जो आला नाही त्याच्या नावापुढं का आला नाही ते लिहायचं. मेला, परागंदा झाला, फडावर आहे, नांदवत नाहीत, येऊ दिलं नाही. हा कागद कॉलेजच्या हातात द्यायचा आणि एक प्रत आपल्याकडं ठेवायची. गळतीवर सरकार अहवाल काढत राहील. आपला अहवाल नावानिशी असेल.

समिती म्हणेल, एवढं केलं तर मजा राहणार नाही. राहील. दहा वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाही, जो मेला असं वाटत होतं, तो पटांगणाच्या फाटकातून आत आला तर त्याहून मोठी मजा कुठल्या डीजेत आहे? आणि समितीनं नकोच म्हटलं, तर अर्ज, रजिस्टर आणि तारीख आपल्या हातात आहेच. तळ्यावर जायला कुणाच्या अंगठ्याची गरज लागत नाही.

२०३५ ला येवल्याच्या त्या शब्दाला शंभर वर्षं होतील. तेव्हा आपण चाळिशीच्या आसपास असू. त्या दिवशी ह्या तालुक्यातल्या एखाद्या कॉलेजच्या रजिस्टरात जितकी नावं आत आली तितकीच निकालात बाहेर पडली, असं एक तरी वर्ष दाखवता आलं पाहिजे. त्याची तयारी ह्या दिवाळीच्या यादीपासून करायची आहे. रजिस्टर मागायला मी येत्या सुट्टीत येवल्याला जातोय. ज्याला यायचंय त्यानं मनमाडला सकाळी भेटावं.

जय भीम.